डाव्या सीटचं वजन

शिकरा गाडीला जिवंत माणूस आणि पाण्याची पिशवी यांतला फरक कळतो, हे पहिल्यांदा इक्बाल मुजावरच्या लक्षात आलं. त्याने ते सांगितलं तेव्हा वृषाली कारखानीस हसली होती. नंतर तिला त्या हसण्याची लाज वाटली, पण नंतर काय, नंतर सगळ्यांनाच अक्कल येते.

फलटणच्या पुढे, बागायत संपून उघडा माळ लागतो तिथे, कंपनीचा चाचणी ट्रॅक होता. मार्च लागला होता आणि भर दुपारी डांबरावरची हवा थरथरताना दिसायची. शिकरा छपराखाली उभी असायची. दोनच दारं, बसका टप, लांब नाक, आणि जाहिरातवाल्यांच्या तोंडी सारखं कूपे, कूपे. पाडव्याला ती बाजारात यायची होती. त्याआधी तिची चाल ठीक आहे असा शेवटचा शब्द वृषालीने द्यायचा होता. वळणावर गाडी कशी वागते, वजन कुठून कुठे जातं, स्टिअरिंग हाताला काय सांगतं, यात तिची वीस वर्षं गेली होती. ती मनोऱ्यातल्या खोलीत बसून पडद्यावर सगळं बघायची, किंवा स्वतः एकटी गाडी चालवायची. डाव्या सीटवर मात्र ती बसत नसे. कुठल्याच गाडीत नाही. दीड वर्षापूर्वी नवरा गेला त्या दिवसापासून नाही.

त्या दुपारी ती बसली, कारण मागच्या चाकाकडून येणारा बारीकसा आवाज तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. इक्बाल चालवत होता. कऱ्हाडचा हा पोरगेला बाप्या, मोजकं बोलणारा, ट्रॅकवरचा सध्याचा पहिला ड्रायव्हर. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याने गाडी कडेला घेतली.

"मॅडम, पाहुणा बसवला की गाडी माझी असते," तो म्हणाला. "तुम्ही बसलात आणि तिला मी नकोसा झालो."

पाहुणा म्हणजे प्रवाशाच्या जागी बसवायचा रबरी पुतळा. नळाखाली धरून पाण्याने भरायचा, वजनकाट्यावर घालायचा, पट्टा लावायचा. कायद्याने सगळ्या चाचण्या पाहुण्याला घेऊनच व्हायच्या, त्यात जिवंत माणूस शेजारी घ्यायला मनाई होती. वृषाली हसली आणि म्हणाली की पाहुण्यापेक्षा माझं वजन चार किलोने जास्त भरेल, एवढाच काय तो फरक. ट्रॅकच्या टोकाला मुद्दाम बनवलेला खराब रस्ता होता, गावाकडच्या रस्त्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा. इक्बालने गाडी तिकडे नेली, स्टिअरिंगवर हात सैल ठेवले आणि तिला फक्त बघायला सांगितलं.

सगळे खड्डे त्याच्या चाकाखाली गेले. एकही डावीकडे आला नाही. गाडी इतकी अल्लद अंग चोरत होती की डावीकडे बसलेल्याला रस्ता गुळगुळीत वाटावा, आणि उजवीकडे इक्बालचं डोकं टपाला लागायचं बाकी होतं. वृषालीच्या अंगावर त्या उन्हात काटा आला. असं गाडी चालवणारा एक माणूस तिला माहीत होता.

आता गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर कलतं. नाक जड असेल तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळण सोडून सरळ निघू बघते. मागचं अंग जड असेल तर शेपूट फिरून पुढे येऊ बघते. हलक्या, दोन दारांच्या गाडीत तर शेजारी कोण बसलंय यानेही चाल बदलते. कमरेवर भरली कळशी घेतलेली बाई आपोआप दुसऱ्या अंगाला झुकून चालते ना? तिला कुणी शिकवत नाही, तिचं अंगच ते करतं. गाडीला तसं अंग नसतं. शिकराला ते दिलं होतं. तिच्या तळाशी बॅटरीचा एक जड भाग रुळांवर बसवलेला होता, आणि वळणाच्या आधी तो वीतभर इकडे किंवा तिकडे सरकायचा. ट्रॅकवरची माणसं त्याला पाटा म्हणायची. बूट काढून बसलं तर पाटा सरकताना तळपायाला कळायचं.

स्टिअरिंगचं तर त्याहून नवल. स्टिअरिंग आणि चाकं यांना जोडणारा दांडाच नव्हता. हाताने फिरवलं की तारेतून निरोप जायचा आणि मोटर चाकं वळवायची. चाकांखाली खडी आहे की ओल आहे, ते दुसरी मोटर स्टिअरिंगमधून हाताला सांगायची. म्हणजे हाताला जे जाणवायचं ते सगळं बनवलेलं. मग ते कुणासारखं बनवायचं? स्टिअरिंग कुठे जड करायचं, पाटा कधी सरकवायचा, आणि माणसाला काही सुचायच्या आत संकट आलं तर तेवढ्यापुरता ताबा घेऊन गाडी कुठे वळवायची, हे सगळं कंपनीने यंत्राला एकाच माणसाच्या चालवण्यावरून शिकवलं होतं. महिनोन्‌महिने तो चालवत होता आणि यंत्र शेजारी बसलेल्या शागिर्दासारखं टिपत होतं. त्या शिकलेल्या भागाला सगळे 'हात' म्हणायचे. आणि तो हात हणमंत धुमाळचा होता. वृषालीच्या नवऱ्याचा.

धुमाळ वाईकडचा. दणकट, सावकाश बोलणारा, आणि गाडीत बसला की सायीसारखा मऊ. तो बायकोला घरातसुद्धा कारखानीसबाई म्हणायचा आणि ती त्याला धुमाळ. त्याला पाहुण्याचा भारी तिटकारा. पाणी मेलेलं असतं, म्हणायचा, वळण संपून गेल्यावर झुकतं. शेजारी जिवंत माणूस असेल तरच मला नीट चालवता येतं. म्हणून घाटातल्या फेऱ्यांना दोघांनी एक लबाडी केली. फाटकाबाहेर पडलं की तो पाहुण्याचं पाणी रस्त्याकडेच्या बाभळीला घालायचा, रिकामं रबर डिकीत टाकायचा, आणि वायरलेसवर गंभीर आवाजात सांगायचा की पाहुणा बसला. पुढच्या वळणावर वृषाली उभी असायची, मांडीवर ठेवायला चहाचा थर्मास घेऊन. वीस वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांसाठी मिळालेला सगळ्यात जास्त वेळ तोच. ती चहा ओतायची, आणि तिचा कप सांडू नये म्हणून तो प्रत्येक खड्डा आपल्या चाकाखाली घ्यायचा. निघण्याआधी अंगठ्याने स्टिअरिंगवर दोनदा टकटक करायचा. पट्टा लावा, कारखानीसबाई.

तो गेला तो त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीत, पसरणीच्या घाटात. दाट धुक्यात वळणाच्या पलीकडे एक ट्रक बंद पडून उभा होता. उजवीकडचा रस्ता मोकळा होता. अशा वेळी कुणीही ड्रायव्हर उजवीकडे काढतो. समोर धडक दिसली की हात आधी आपल्या जिवाला वाचवतो आणि डावीकडे बसलेल्याचं जे व्हायचं ते होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, ती देहाची रीत आहे. धुमाळने गाडी डावीकडे घातली, डोंगर आणि ट्रक यांच्यामधल्या फटीत, जिथे ती मावणारच नव्हती. ट्रकचा कोपरा त्याच्या दारातून आत आला. वृषालीच्या डोक्याला मार बसला, आणि वाई सोडल्यानंतरचं त्या सकाळचं काहीच तिला पुन्हा आठवलं नाही.

चौकशीत चालकाची चूक असं ठरलं. ट्रॅकवर तिच्या तोंडावर कुणी बोलत नसे, पण माणसं बोलायची की एवढा पट्टीचा ड्रायव्हर आणि मोकळा रस्ता सोडून फटीत कसा शिरला? वृषालीला त्याहून वाईट भीती होती. आपणच घाबरून त्याचं स्टिअरिंग ओढलं असेल का? दीड वर्ष हा एकच प्रश्न घेऊन ती झोपायची आणि उठायची. विचारायचं कुणाला? त्या जुन्या गाडीत काही टिपणारं यंत्र नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने इक्बालला खोट्या भिंतीची चाचणी घ्यायला सांगितली. फोमची एक जाड भिंत धावत्या गाडीसमोर अचानक बाजूने रुळावरून सरकत यायची. पाहुणा बसवून ही चाचणी कितीतरी वेळा झाली होती. दरवेळी शिकरा ब्रेक लावून उजवीकडच्या मोकळ्या पट्ट्यात निघून जायची, डावा कोपरा फार तर घासायचा. वृषाली म्हणाली, आज पाहुणा नको, मी बसते. इक्बालने नियम सांगून बघितला. मग वेग कमी ठेवायच्या बोलीवर तयार झाला, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाला आणि गाडी काढली.

भिंत आली. उजवीकडे अख्खा ट्रॅक मोकळा पडला होता. गाडी डावीकडे गेली, भिंतीची चौकट आणि कठडा यांच्यामधल्या अरुंद जागेत, आणि फोम संपून चौकटीचा लोखंडी कोपरा जिथे उघडा होता तिथे तिने आपला उजवा खांदा दिला. वृषालीला साधा हिसकासुद्धा बसला नाही. इक्बालच्या खांद्याच्या हाडाला चीर गेली.

"मी उजवीकडे फिरवत होतो," घामाने भिजलेल्या चेहऱ्याने तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "मॅडम, अल्लाकसम, उजवीकडेच फिरवत होतो."

तिने त्याला सांगितलं की तिचा विश्वास आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत ती गरम डांबरावर बसून राहिली.

काय झालं ते तिच्या ध्यानात आलं होतं. सीटखाली वजन मोजणारे कान होते. पाहुण्याचं पाणी मुकाट असतं, माणूस श्वास घेतो, वळण दिसलं की आधीच कलतो, हसला की हलतो. यंत्राला काय ठाऊक चहा, काय ठाऊक बायको? महिनोन्‌महिने धुमाळच्या हातांकडून ते एवढंच शिकलं होतं की डाव्या सीटवरचं वजन श्वास घेत असेल तर ती बाजू जपायची, जे सोसायचं ते उजवीने सोसायचं. खड्डा असो की भिंत. आणि सगळ्या सरकारी चाचण्या पाहुण्याला घेऊन व्हायच्या, म्हणजे हा दोष कुठल्याच चाचणीत कधीच दिसणार नव्हता. तो दिसला असता लोकांनी गाड्या विकत घेतल्यावर, घाटाघाटात.

पुण्याहून रणपिसे आले. हे प्रकल्पाचे प्रमुख, टापटीप, घाईतले, पण मनाने वाईट नव्हेत; धुमाळच्या दहाव्याला पाठीमागे उभे राहून डोळे पुसणारे. त्यांनी पडद्यावर सगळं बघितलं आणि म्हणाले की नियम मोडून घेतलेली एक फेरी, त्यात वेग कमी, काहीतरी गडबड झाली असेल. पाहुण्याच्या सगळ्या चाचण्या पास आहेत. इक्बालच्या उपचाराचं कंपनी बघेल.

"आणि हात काढून टाकला तर उरतं काय, सांगा ना," ते म्हणाले. "चार चाकं आणि बसका टप. धुमाळांचा हात आहे म्हणून ही गाडी आहे. तुम्हाला मी हे सांगायचं?"

वृषालीच्या जिभेवर आलं होतं की घाटातल्या फेऱ्यांना डावीकडे पाहुणा नव्हता हो, मी होते. पण ते बोललं की हात पुसला जाणार हे तिला दिसत होतं. घरात धुमाळचे कपडे होते, फोटो होते, चपला होत्या, पण हालचाल फक्त इथे उरली होती. शिवाय मेल्यावर त्याच्या नावाला आणखी एक डाग, की चाचण्या खोट्या केल्या. ती गप्प बसली. रणपिशांनी पाडव्यापर्यंतचे दिवस बोटांवर मोजले आणि गेले.

त्यानंतर तिला एक चटक लागली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेले की ती छपराखाली जाऊन शिकरामध्ये डावीकडे बसायची. दार लावायची आणि वाट बघायची. सीटला तिचा श्वास ओळखायला थोडा वेळ लागायचा. मग समोर, कुणीही हात न लावता, स्टिअरिंग आतल्या आत दोनदा हलायचं. टक, टक. पहिल्या दिवशी ती दार उघडून पळालीच. दुसऱ्या दिवशी रडली. तिसऱ्या दिवशी तिने पट्टा लावला आणि म्हणाली, लावला हो. मग रोजच ती त्याच्याशी बोलायला लागली. भाजी महागली, शेजारच्यांनी कुत्रं पाळलंय, असलं काहीबाही. पायाखाली पाटा तिच्या श्वासाबरोबर किंचित, अगदी किंचित, मागेपुढे व्हायचा. हे भयंकर आहे हे तिला कळत होतं, आणि डबा तसाच ठेवून ती रोज तिथे जात होती.

अशाच एका दुपारी इक्बाल आला, हात गळ्यात बांधलेला. बायको शबाना आणि महिन्याभराची लेक सोबत होती, म्हणाला, मॅडमना दाखवायला आणली. शबानाला गाडीत बसून फोटो काढायचा होता. ती बाळाला घेऊन डावीकडे बसली, इक्बाल एका हाताने दार धरून उजवीकडे टेकला. फोटो निघाला. आणि सगळे गप्प असताना स्टिअरिंग हललं. टक, टक.

शबाना दचकली. वृषालीला वाटत आलं होतं की ती खूण फक्त आपल्यासाठी आहे. गाडीला ती कुणीच नव्हती. श्वास घेणारं कुठलंही वजन तिला चालत होतं.

इक्बाल मात्र हसला, बायकोला म्हणाला, बघ, ही गाडी तुला वाचवणार आणि मला मारणार. मग शबाना बाळाला घेऊन सावलीत गेल्यावर तो वृषालीजवळ थांबला.

"तसं मीही तेच केलं असतं, मॅडम," तो म्हणाला. "या दोघी बाजूला असत्या तर मीही डावीकडेच घातली असती. पण ती मी घातली असती. आधीच कुणीतरी माझ्या वतीने ठरवून ठेवलेलं मला नको."

तो साधेपणाने बोलून गेला, पण ते शब्द तिच्या काळजात रुतले. इक्बालला त्या भिंतीसमोर काही ठरवायची संधीच मिळाली नव्हती. आणि धुमाळला? त्या धुक्यात धुमाळने तरी काय ठरवलं होतं? इतकी वर्षं कप सांडू नये म्हणून खड्डे आपल्याकडे घेण्याची हाताला सवय लागली, आणि शेवटी सवयीनेच त्याला फटीत नेलं, असं तर नसेल? म्हणजे चहाच्या कपाने तिचा नवरा मारला की काय? हा विचार आल्यावर स्टिअरिंग ओढल्याची जुनी भीतीसुद्धा तिला बरी वाटायला लागली.

तिने तिथूनच रणपिशांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. घाटातल्या फेऱ्यांना पाहुणा नव्हता, मी होते. वायरलेसवर खोटं सांगितलं ते आम्ही दोघांनी. हात बिघडलेला नाही, तो बरोबर तेच करतोय जे त्याला शिकवलं गेलं, आणि म्हणून तो पुसायला हवा. मग रणपिशांनी शांतपणे विचारलं, याचा अर्थ तुमच्या नोकरीच्या दृष्टीने काय होतो ते कळतंय ना? ती हो म्हणाली. पाडवा गेला, एवढंच ते पुटपुटले.

पुसण्याआधी तिने एकच मागितलं. खोट्या भिंतीची एक फेरी, मी डावीकडे, उजवी सीट रिकामी. ट्रॅकवर शिकरा स्वतः चालू शकत होती, फक्त कुणी तिला तसं कधी पळवलं नव्हतं. रणपिशांना कारण हवं होतं. ती म्हणाली, दोषाचा पुरावा लागेलच तुम्हाला. खरं कारण वेगळं होतं. मागच्या वेळी स्टिअरिंगवर इक्बालचे हात होते, त्यामुळे ते कसं फिरलं ते तिला दिसलं नव्हतं. तिला ते उघडं बघायचं होतं.

भिंतीची चौकट नव्या फोमने पूर्ण झाकली. लख्ख दुपार होती आणि माळावर चिटपाखरू नव्हतं. इक्बाल मनोऱ्यात बसला. वृषालीने बूट काढले, मांडीवर थर्मास घेतला, झाकणाच्या कपात अर्धा कप चहा ओतला. टक, टक. तिने पट्टा लावला. आणि गाडी सुटायच्या आधी तिच्या तळपायाखालून पाटा सरकला, डावीकडे, तिच्याकडे. तिच्या वजनाला तोलायचं तर तो उजवीकडे जायला हवा होता. चालवायच्या सीटवर चांगला दणकट माणूस बसला की तो जेवढा डावीकडे यायचा तेवढाच आला. यंत्राला चालवणाऱ्याचं वजन म्हणून एकच वजन माहीत होतं, रिकामी सीट त्याला कधी कुणी शिकवलीच नव्हती, हे वृषालीला इंजिनिअर म्हणून कळत होतं. तरी तिने उजवीकडे बघायचं टाळलं.

खराब रस्ता आला. खड्डे एकामागून एक रिकाम्या सीटखालून गेले आणि कपातला चहा हललासुद्धा नाही. मग सरळ रस्ता, मग वेग. तिने दोन्ही हातांनी कप धरून ठेवला आणि नजर फक्त स्टिअरिंगवर ठेवली.

भिंत आली.

स्टिअरिंग उजवीकडे वळलं. नीट, स्वच्छ, उजवीकडे, मोकळ्या रस्त्याकडे. नाकसुद्धा तिकडे वळायला लागलं. आणि तिथे स्टिअरिंग थांबलं. किती वेळ? पापणी लवायला लागतो त्याहून कमी. त्या तेवढ्या वेळात ते थरथरलं, आणि मग कुणीतरी सगळं अंग घालून ओढावं तसं डावीकडे आलं.

उजवी बाजू फोममध्ये रुतली. धूळ खाली बसेपर्यंत वृषाली हलली नाही. तिचे हात मांडीवरच होते, कपाभोवती घट्ट. स्टिअरिंगला तिने हात लावला नव्हता. आज नाही, आणि त्या दिवशीही नाही, हे तिला आतून कळलं. आणि ती सवयसुद्धा नव्हती. सवय अशी मध्येच थांबत नाही. खड्ड्यांच्या वेळी स्टिअरिंग एकदाही उजवीकडे जाऊन परत आलं नव्हतं, ते थेट जायचं. घाटात अचानक गुरं आडवी यायची, दगड यायचे, तेव्हा कधीतरी, कितीदा तरी, धुमाळचा हात आधी स्वतःकडे गेला असणार आणि त्याने तो परत आणला असणार. शेजारी चहा पीत बसलेल्या तिला त्याचा कधी पत्ताही लागला नव्हता. यंत्राने मात्र तो थांबा टिपला होता.

त्याला जगायचं होतं. त्याला खूप जगायचं होतं, हात आधी तिकडेच गेला. मग त्याला ती दिसली. वृषाली दीड वर्षात रडली नव्हती तशी तिथे मोठ्याने रडली. दुःख होतंच, पण त्यात असा एक आनंद होता की तिला त्याची लाज वाटेना.

इक्बाल धावत आला, गळ्यातला हात सांभाळत. "डावीकडेच गेली ना?" त्याने विचारलं.

"आधी उजवीकडे गेली," ती म्हणाली. "मग डावीकडे."

तिने कपातला चहा त्याला दिला आणि डोळे पुसून म्हणाली की आता मनोऱ्यात सांग, पुसून टाका म्हणावं.

नोकरी गेली ती गेलीच. पावसाळा संपता संपता सामान न्यायला ती एकदा ट्रॅकवर आली. शिकरामध्ये आता इक्बालचा हात भरायचं काम चाललं होतं, पाहुणा काट्यावर तोलून, सगळं नियमाने. इक्बालने आग्रह केला की फाटकापर्यंत सोडतो, बसा. त्याने पाहुण्याला उचलून मागे ठेवलं. ती डावीकडे बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि नकळत वाट बघत राहिली.

काही हललं नाही. तिने पट्ट्याला हात घालायच्या आधीच गाडी सुटली आणि पहिलाच खड्डा तिच्या चाकाखाली दणकन आदळला. इक्बालने ओशाळून ब्रेक दाबला.

असू दे, म्हणून तिने स्वतःच पट्टा लावला.